थोरल्याच्या जागी धाकटा

१

पिशवी कापली मी. म्हणजे पुढच्या सगळ्या रामायणाची सुरुवात माझ्याच कात्रीने झाली.

आमचा छोटासा कारखाना आहे. वेळेआधी जन्मलेल्या बाळांना दवाखान्यात ज्या उबदार काचेच्या पेटीत ठेवतात, त्या पेट्या आम्ही बनवतो. पेटीचा मेंदू म्हणजे नखाएवढी काळी चिप, मायक्रोकंट्रोलर. ती बाळाच्या अंगाचं तापमान बघते, ऊब कमीजास्त करते आणि काही बिनसलं तर ओरडून नर्सला बोलावते. ही चिप दोन प्रकारांत येते. अंग तेच, पाय तितकेच, फक्त पोटातली जागा एकीत दुप्पट. बनवणाऱ्यांनी दिलेली लांबलचक नावं कोण पाठ करत बसणार? आमच्या अण्णांनी त्यांचं बारसं केव्हाच करून टाकलं होतं: थोरला आणि धाकटा.

आमचा प्रोग्राम मावतो तो थोरल्यात. आणि थोरला बाजारात मिळत नव्हता. जगभर चिपांची टंचाई पडली होती. मागणी नोंदवली की पुरवठादार पुढच्या वर्षीची तारीख द्यायचा, आणि ती जवळ आली की अगदी गोड आवाजात आणखी पुढची. अशा वेळी अण्णांनी आधीच घेऊन ठेवलेली एक सीलबंद चंदेरी पिशवी आमच्या कपाटात होती. अण्णांना जाऊन वर्ष होत आलं होतं. नव्या पेट्यांसाठी आम्ही त्या सकाळी ती उघडली.

आत सगळं जागच्या जागी होतं. काळे ट्रे, ओल शोषून घेणारी पुडी, आणि ओल किती आहे ते दाखवणारं कार्ड. या कार्डावर ठिपके असतात. आत कोरडं असेल तर निळे, ओल शिरली की गुलाबी. सगळे ठिपके छान निळे होते. वरच्या ट्रेमधल्या पहिल्या चिपवर एक बारीकसा लाल ठिपका होता. छपाईचा डाग असेल म्हणून मी तिकडे लक्ष दिलं नाही.

आमचा इंजिनिअर, ज्याला सगळे चष्मिस म्हणतात, मधली एक चिप घेऊन संगणकाशी बसला. थोड्या वेळाने त्याने मान वर केली.

"ताई, बसत नाही."

"सॉकेटमध्ये?"

"नाही हो. प्रोग्राम चिपमध्ये बसत नाही. हा थोरला नाहीच. धाकटा आहे."

आम्ही भिंग घेऊन एकेक चिप बघितली. पिशवीवरचं लेबल थोरल्याचं होतं. आतला प्रत्येक जण धाकटा होता.

२

माझ्या दादाचं डोकं म्हणजे गॅसवरचं दूध. तो आला, त्याने ऐकलं आणि उतू गेला.

"कपाटाची किल्ली कोणाकडे असते?"

उत्तर सगळ्यांनाच माहीत होतं. स्टोअर सांभाळणारे काका. आम्ही लहानपणापासून त्यांना कुलूपकाका म्हणतो, कारण ते डब्यातली भाजीसुद्धा कुलपात ठेवतील अशी आमची खात्री होती. मी शाळेतून आले की त्यांच्याच टेबलाखाली बसून अभ्यास करायचे. त्यांनी मला रेझिस्टरवरच्या पट्ट्यांवरून रंग शिकवले.

चष्मिस घसा खाकरून म्हणाला, "सर, बोलावं की नाही कळत नाही. पण गेल्या वर्षी एका दुपारी काकांना चंदेरी पिशवी घेऊन फाटकाबाहेर जाताना मी पाहिलं होतं. बाहेर एक गाडी उभी होती."

दादाने काकांकडे पाहिलं. "खरं आहे?"

"खरं आहे," काका म्हणाले.

"काय होतं त्यात? कोणाला दिलीत?"

काका खाली बघत उभे राहिले. त्यांचा शर्ट नेहमीसारखाच चुरगळलेला होता. "ते मला सांगता येणार नाही."

"चोरबाजारात थोरल्याला काय भाव आहे ठाऊक आहे ना तुम्हाला? संध्याकाळपर्यंत सांगा, काका. नाहीतर मी पोलिसांत जाणार. मग मला माणुसकी शिकवू नका कोणी."

काका आपल्या खुर्चीत जाऊन बसले. इतक्या वर्षांत कामाच्या वेळी त्यांना नुसतं बसलेलं मी प्रथमच पाहिलं. मी बाहेर येऊन आत्याला फोन लावला.

३

आत्या म्हणजे अण्णांची धाकटी बहीण. टीव्ही बनवणाऱ्या मोठ्या कारखान्यात तिने तपासणी विभाग चालवला. तिच्या हाताखालून सदोष माल पुढे गेला नाही आणि आमच्या घरातली एकही थाप पचली नाही. निवृत्त झाल्यावर तिला करमत नव्हतं, त्यामुळे माझं बोलणं पुरं व्हायच्या आत तिने चपला घातल्या असाव्यात.

आल्या आल्या तिने विचारलं, "पिशवी फेकलीस का?"

"नाही."

"मग अजून अक्कल शिल्लक आहे. आण इकडे."

तिने पिशवी उजेडात धरली, बोटांनी चाचपली, मग कार्ड उलटसुलट करून पाहिलं. त्यानंतर एकेकाला समोर बसवलं.

चष्मिसला तिने विचारलं, "आपला प्रोग्राम धाकट्यात बसवायचा कधी प्रयत्न झाला होता?"

"हो, टंचाई सुरू झाली तेव्हा. अण्णांचा हट्ट होता की कापून कापून बसवू. मी बरंच कापलं, पण बसेना. आपण प्रोग्रामचे तयार भाग वापरतो ना, ते अंगाने मोठे असतात. शेवटी मी म्हटलं की दुसऱ्या कंपनीची चिप निवडू. पण तिचे पाय वेगळे. म्हणजे अख्खा बोर्ड नवा करायचा."

"आणि अण्णा काय म्हणाला?"

"'बघू.'"

आत्या हसली. तो 'बघू' आम्हाला सगळ्यांना पाठ होता. अण्णा काहीतरी करायला घेत आणि हातातलं काम झाल्याशिवाय ब्र काढत नसत. मला सायकल करून दिली तीही अशीच. आठवडाभर नुसतं 'बघू', आणि एक दिवस अंगणात सायकल उभी.

दादा खुर्चीत टेकलासुद्धा नाही. "आत्या, यात शोधायचं काय आहे? किल्ली एक, माणूस एक. महाग माल नेला आणि स्वस्त भरून ठेवला."

"तुझं आणि अण्णाचं यावरून वाजलं होतं का?"

दादाने कॉलर नीट केली. "वाजलं होतं. अण्णांचे जुने भागीदार मागे लागले होते, थोडे थोरले आम्हाला द्या म्हणून. मी म्हटलं, एकही देणार नाही. सगळे आपापलं बघतायत, आपणही बघू."

शेवटी आत्या काकांसमोर जाऊन बसली. तिने प्रश्नच विचारला नाही. ती त्यांच्या शर्टाकडे बघत राहिली.

"काका, तुमच्या घरी इस्त्री आहे?"

काका गोंधळले. "नाही, ताई. एकटा माणूस मी. कोण बघतंय मला?"

आत्या उठली. "हे सील काकांनी केलेलं नाही," ती म्हणाली.

४

"आपलं सील करायचं यंत्र कसं दाबतं?" तिने मला विचारलं.

मी दुसरी एक पिशवी आणली. आमच्या यंत्राचं सील सरळ आणि रेघारेघांचं येतं. या पिशवीचं सील रुंद, गुळगुळीत होतं आणि एका टोकाला गोलसर वळलेलं. पिशवी मूळ मापापेक्षा जरा आखूडही होती. म्हणजे ती वरून कापून उघडली होती आणि नंतर कपड्यांच्या इस्त्रीने बंद केली होती.

"इस्त्री कोणीही उसनी आणेल," दादा म्हणाला.

"आणेल की. पण आता हे बघ." आत्याने कार्ड पुढे केलं. "ठिपके निळे. म्हणजे बंद करताना आत नवी पुडी टाकली आणि चिपा कोरड्या आहेत याची काळजी घेतली. चोर कशाला त्यांची सर्दी-पडसं बघेल? त्याच्या लेखी तो कचरा. पिशवी फुगलेली दिसली की त्याचं काम झालं."

चष्मिसचे डोळे मोठे झाले. "म्हणजे ज्याने ठेवल्या त्याला या चिपा वापरायच्या होत्या."

"शाबास. आणि बंद केल्या घरी, कारण इथे कोणाला तरी दिसू द्यायचं नव्हतं. आता मला सांगा, या कारखान्यात कडक इस्त्रीचे कपडे कोण घालतं?"

आम्ही सगळ्यांनी एकाच दिशेने पाहिलं. दादाच्या शर्टाची घडी कागद कापेल अशी होती.

"माझ्याकडे काय बघता?" दादा ओरडला.

आत्याने पर्स उचलली. "मी वहिनीकडे, तुमच्या आईकडे, जाऊन येते. कोणीही कुठे जायचं नाही."

५

मी तिच्याबरोबर गेले. आई नुकतीच जेवून लवंडली होती. आत्याने इस्त्रीची चौकशी करताच ती उठून बसली.

"इस्त्रीचं नाव काढू नका, वन्सं. माझी चांगली इस्त्री यांनी बिघडवून ठेवली."

"कोणी?"

"कोणी म्हणजे? यांनीच! जायच्या थोडे दिवस आधी, दुपारी. कधी इस्त्रीला हात न लावणारा माणूस टेबल लावून बसलेला. म्हटलं, मी करून देते. तर म्हणे, तुला जमणार नाही, हे पोरांसाठी आहे. चंदेरी काहीतरी चिकटवून ठेवलं तिला. मी आठवडाभर घासत होते."

बोलता बोलता आई थांबली. तिला आठवण आली ती आम्हालाही आली. पायजम्यावर बनियन घातलेले, जिभेचं टोक बाहेर काढून काहीतरी बारीक काम करणारे अण्णा. त्यानंतर थोड्याच दिवसांनी ते झोपेतच गेले. त्यांना काही सांगायला वेळच मिळाला नाही.

"तू कधी बोलली नाहीस, आई," मी म्हटलं.

"मला कोणी विचारलंय का कधी कारखान्यातलं?" आई म्हणाली. हे मात्र शंभर टक्के खरं होतं.

परत आल्यावर आत्या थेट काकांपाशी गेली. "काका, अण्णाला शब्द दिला होतात ना?"

काका हळूहळू बोलले. "अण्णांनी एक पिशवी हातात दिली. म्हणाले, फाटकाबाहेर गाडी येईल, तिच्यात द्या आणि एक पिशवी येईल ती मला आणून द्या. काम पुरं होईपर्यंत पोरांना कळू देऊ नका. आत काय होतं मी पाहिलं नाही. मग अण्णा गेले. आज कोणत्या तोंडाने सांगू, की तुमच्या वडिलांनीच माल बाहेर दिला? पुरावा काय माझ्याकडे? मेलेल्या माणसावर ढकलून मला सुटायचं नाही, ताई."

थोरले मागणारे होते अण्णांचे जुने भागीदार. दादाने त्या भागीदारकाकांना फोन लावला. पलीकडून त्यांचा मोठा आवाज आम्हाला सगळ्यांना ऐकू आला. "अरे, अदलाबदल केली होती आम्ही! माझ्या श्वास देणाऱ्या यंत्रांना थोरल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. माझ्याकडे धाकटे पडून होते, ते त्याने घेतले. म्हणाला, माझी बाळं धाकट्यात मावतील. मला वाटलं, तुम्हाला ठाऊक आहे."

मी सुटकेचा श्वास सोडला. पण दादाने फोन ठेवला तेव्हा त्याचा चेहरा आणखीच कडक झाला होता.

"काका आणि ते, जुने दोस्त. एकमेकांना सांभाळून घेतायत. आईने पिशवी पाहिली, आतलं पाहिलं नाही. मला एकच सांगा. आपला प्रोग्राम धाकट्यात बसत नाही हे अण्णांना माहीत होतं. मग ते त्या चिपा कशाला घेतील? अण्णा वेडे होते का?"

"नव्हता," आत्या म्हणाली. "म्हणजे त्याने प्रोग्राम बसवला असणार. शोधा."

चष्मिसने अण्णांचा संगणक धुंडाळला. मग आमचा, मग जुन्या डिस्का. सगळीकडे तोच जुना, थोरल्याच्या मापाचा प्रोग्राम होता. खिडकीतलं ऊन टेबलावरून उतरून जमिनीवर आलं. दादाने गाडीची किल्ली उचलली.

"कुठेच नाही," चष्मिस हळूच म्हणाला.

६

आत्या ट्रेवर वाकली होती. "हा लाल ठिपका कसला?"

"छपाईचा डाग असेल," मी म्हटलं.

तिने भिंग लावलं. आणि मग ती अशी हसली की आम्हाला वाटलं तिला काही झालं. "अगं, ही तर नेलपॉलिश!"

त्या एका शब्दासरशी मी कुठल्या कुठे गेले. मी शाळेत होते तेव्हा चिपेच्या पाठीवर काचेची छोटी खिडकी असायची. जुना प्रोग्राम पुसायचा तर ती एका जांभळ्या दिव्याखाली ठेवायची. त्या दिव्याकडे बघायचं नाही अशी आम्हाला सक्त ताकीद असायची, आणि अर्थातच आम्ही बघायचो. प्रोग्राम भरायला अण्णांकडे एक जाडजूड यंत्र होतं. एका खाचेत भरलेली मूळ चिप लावायची, बाकीच्या खाचांत कोऱ्या, आणि बटण दाबायचं. बटण कोणी दाबायचं यावरून माझी आणि दादाची मारामारी व्हायची. मूळ चिपेला अण्णा 'मास्टर' म्हणायचे. ती कोऱ्यांत मिसळू नये म्हणून तिला ते आत्याच्या नेलपॉलिशचा ठिपका लावायचे.

"माझ्या किती बाटल्या वाळवल्या त्याने!" आत्या डोळे पुसत म्हणाली. "अरे, तुम्ही संगणकात काय शोधताय? तुमच्यासाठी प्रोग्राम संगणकात असतो. त्याच्यासाठी तो चिपेत असायचा. काम झालं, मास्टर बनवला, कोऱ्यांसोबत ट्रेमध्ये पहिला ठेवला. त्याच्या हिशेबी त्याने सगळं तुमच्या हातात दिलं होतं."

दादाने गाडीची किल्ली टेबलावर ठेवली.

चष्मिसने ती चिप सॉकेटमध्ये बसवली. "वाचायला बंदी घातली असेल तर संपलं. कोणी नक्कल करू नये म्हणून आम्ही सगळे घालतो."

"तो नाही घालणार," आत्या म्हणाली. "मास्टर बनवतात तो नक्कल करण्यासाठीच."

पडद्यावर आकडे भराभर उतरू लागले. चष्मिस खुर्चीच्या टोकावर आला. "ताई, भरलीय ही! गळ्यापर्यंत भरलीय! तयार भाग एकही नाही. सगळं हाताने लिहिलंय त्यांनी." त्याच्या आवाजात अशी भक्ती मी कधी ऐकली नव्हती. "मी यातून शिकणार आहे. कोणी मध्ये बोलू नका."

दादा काकांसमोर गेला. चारचौघांत माफी मागणं त्याच्या स्वभावात नाही. त्याने खाली बसून काकांचे दोन्ही हात धरले.

"काका, मी तुम्हाला चोर म्हणालो."

"म्हणाला नाहीत, साहेब. म्हणणार होतात," काका म्हणाले. "आणि तुम्हाला मी कडेवर घेऊन फिरवलंय. तुमचा राग मला नवा आहे का?"

चष्मिसने मास्टरची नक्कल एका कोऱ्या धाकट्यात उतरवली आणि ती चाचणीच्या पेटीत बसवली. खऱ्या तपासण्यांना पुढे बरेच आठवडे लागणार होते, त्यात सूट नाही. पण त्या संध्याकाळी आम्हाला फक्त पेटी सुरू झालेली बघायची होती.

मी बटण दाबलं. पडदा उजळला आणि लगेच तापमान दाखवू लागला. गादी हळूहळू ऊब धरू लागली. चष्मिसने तापमान मोजणारी वायर काढून बघितली, तर अलार्म पूर्वीसारखाच खणखणीत वाजला. पहिल्यांदा हळू, मग मोठ्याने, मग थांबेचना. त्यातला एक सूरही अण्णांनी कमी केला नव्हता.

"काहीतरी चुकतंय," दादा म्हणाला. "पुन्हा सुरू कर."

मी पुन्हा सुरू केली. पडद्यावर पुन्हा थेट तापमानाचा रकाना आला आणि अलार्म पुन्हा वाजू लागला.

मग माझ्याही लक्षात आलं. आमची कुठलीही पेटी सुरू केली की आधी पडद्यावर मोठ्या अक्षरांत कारखान्याचं नाव सरकत जातं. कारखान्याचं नाव म्हणजे अण्णांचंच नाव. पहिली पेटी तयार झाली तेव्हा ते नाव बघायला त्यांनी आम्हाला सगळ्यांना बोलावलं होतं, आईला, आत्याला, काकांना. ते सरकताना बघून ते लहान मुलासारखे खूश झाले होते.

"नाव कुठे गेलं?" दादाने विचारलं.

चष्मिसने आकडे खालीवर करून पाहिले. "नाही आहे, सर. काढलंय त्यांनी. जागा पुरत नसणार. अलार्म ठेवायचा की नाव, असं झालं असेल."

"परत घालता येईल?"

"नाही. त्यासाठी अलार्म कापावा लागेल."

दादा पेटीच्या काचेतल्या खिडकीतून हात घालून उबदार गादीवर तळवा ठेवून उभा राहिला. अण्णा गेले तेव्हा सगळी धावपळ त्याने केली होती, आणि त्याच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. आता तो तसाच वाकून, खांदे हलवत रडायला लागला. काकांनी पुढे होऊन त्याच्या पाठीवर हात ठेवला. अलार्म बंद करायचं कोणालाच सुचलं नाही.